बालवाडीत विकासाचे निकष लागू करताना आलेला माझा अनुभव

आमच्या बालवाडीत शिक्षण आणि विकासाचे निकष, म्हणजे कोणत्या वयात मुलाला साधारण काय काय यायला हवं याची यादी, लागू करायचं ठरलं आणि तीन ते पाच वर्षांच्या गटाचं काम माझ्याकडे आलं. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण नुसती कागदपत्रं वाचून काम नेमकं कुठे असतं ते कळत नाही.

यादी बघून आधी दडपणच येतं. पण साधारण क्षेत्रं तीच असतात, शारीरिक, सामाजिक-भावनिक, भाषा, आकलन आणि शिकण्याची वृत्ती, म्हणजे मूल चिकाटी धरतं का, नवीन काही करून बघतं का. मी आमचा आठवड्याचा प्लॅन घेऊन बसले आणि प्रत्येक ॲक्टिव्हिटीसमोर ती कशात बसते ते लिहीत गेले. अक्षरं आणि आकड्यांचे रकाने गच्च भरले, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणं, राग आला तर तो शब्दात सांगणं, भांडण बोलून मिटवणं याच्यासमोर जवळपास काहीच नाही. या वयात खरं तर यालाच सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा असं माझं ठाम मत आहे, त्यामुळे प्लॅनची दुरुस्ती तिथूनच सुरू केली.

सगळ्यात जास्त वेळ गेला निरीक्षणाच्या नोंदींवर, आणि जायलाच हवा. "हुशार आहे", "लक्ष देत नाही" असले शेरे काही कामाचे नाहीत, जे दिसलं आणि जे ऐकू आलं तेवढंच लिहायचं. माझी एक नोंद सांगते, "सहा ठोकळे एकेकाला बोट लावून बरोबर मोजले. एकूण किती विचारल्यावर पुन्हा एकपासून मोजायला लागली." एवढ्याशा नोंदीत केवढं कळतं बघा! आकड्यांचा क्रम येतोय, एका वस्तूला एकच आकडा हेही जमतंय, पण शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या हे अजून पक्कं दिसत नाहीये, म्हणजे तिच्याकडून पुढचे आकडे पाठ करून घेण्यापेक्षा "मला चार ठोकळे दे" असे खेळ जास्त घ्यायचे.

वयाबद्दल पालक फार घाबरतात. त्यांना मी सांगते की निकषातलं वय ही रेंज असते, चार वर्षांचं एक मूल रेषेवर कात्री चालवतं आणि दुसऱ्याला ती नीट उघडमीट करता येत नाही, दोन्ही ठीक असू शकतं. मात्र आधी बोलता येणारे शब्द बंद झाले किंवा जमत असलेली गोष्ट जमेनाशी झाली तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायला सांगायचं.

आणि घरची भाषा वेगळी असलेली मुलं! नवीन भाषेच्या वर्गात मूल सुरुवातीला बराच काळ गप्प राहू शकतं, म्हणून भाषेचा रकाना भरण्याआधी घरी ते काय काय बोलतं हे आईला विचाराच, नाहीतर छान गोष्ट सांगणारं मूल कागदावर मागे दिसतं.

तपासणीला आलेल्या मॅडमनी फाईल चाळली पण जास्त वेळ वर्गातच बसल्या, ताई मुलांच्या उंचीला येऊन बोलतात का, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबतात का हे बघत होत्या. नोंदींवर त्यांनी एकच सूचना केली, तारखेसोबत मुलाचं वय वर्षं-महिन्यांत लिहा, म्हणजे त्याच मुलाच्या दोन नोंदी शेजारी ठेवून बघता येतात. आता आम्ही सगळ्याच ताया तसं लिहितो.