लेकरांच्या रक्तवाहिन्यांकडं पण बघा

रक्तवाहिन्या जाड होणं, कडक होणं म्हणजे साठीच्या पुढचा आजार, बिडी ओढणाऱ्याचा नाहीतर शुगरवाल्याचा, असंच आपल्याकडं सगळे धरून चालतात. त्यामुळं माझ्या पोरीच्या मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करायचीय म्हणल्यावर इथं परभणीत जो तो विचारायला लागला, एवढ्याशा लेकराचं कोलेस्टेरॉल वाढलं का काय? मामीनं (म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझं लग्न मामाच्याच मुलाशी झालंय) तर तिचं तूपच बंद करायला सांगितलं. मामीला बसवून समजावलं तेच आज इथं लिहितेय, कारण एमपीएस (म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस, हा जन्मापासूनचा दुर्मिळ आनुवंशिक आजार) असलेल्या लेकरांचे आईबाप मला फोनवर सांधे, पोट, डोळे, उंची सगळ्याबद्दल विचारतात पण रक्तवाहिन्यांबद्दल कुणीच विचारत नाही.

माझ्या लेकीला एमपीएस टाईप १ आहे, त्यातला थोडा सौम्य प्रकार. शरीरात अल्फा-एल-आयड्युरोनिडेज नावाचं एक एन्झाइम लागतं ते तिच्यात जवळपास बनतच नाही. त्या एन्झाइमचं काम काय, तर जीएजी म्हणून साखरेच्या लांब साखळ्या असतात त्या वापरून झाल्या की मोडून काढायच्या. मोडल्या नाहीत की त्या पेशींमधी साठत जातात, मग पोट मोठं दिसतं, बोटं सरळ होत नाहीत, हर्निया होतो, कान सारखे फुटतात, झोपेत घोरतात, आणि बऱ्याच लेकरांचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन जातं तरी आजाराचं नाव कुणाला कळत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असले (म्हणजे स्वतःला आजार नाही पण त्याचं बिघडलेलं जनुक अंगात आहे) तर प्रत्येक बाळंतपणात लेकराला हा आजार व्हायची चारात एक शक्यता असते, आणि आपल्या मराठवाड्यात आते-मामेभावंडांची लग्नं घराघरात होतात. ह्यात बाईचा दोष नाही, बाप्याचाही नाही, पण पुढच्या वेळी दिवस राहिले तर लवकर जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटा, गर्भातच तपासणी करता येते.

आता मूळ मुद्दा. म्हाताऱ्या माणसाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर बसतो तो वेगळा प्रकार. ह्या लेकरांच्यात जीएजी साठतं ते रक्तवाहिनीच्या भिंतीतच, आतल्या अस्तरात. मातीच्या भिंतीत पाणी मुरलं की ती जशी आतून फुगत जाते तसं. अस्तर जाड होतं, तिथं सूज राहते, लवचिक धागे खराब होतात आणि वाहिनी कडक पडते. हृदयाला रक्त देणाऱ्या कोरोनरी वाहिन्यांमधी हे झालं तर ते एका जागी ब्लॉकेजसारखं न होता सगळ्या लांबीभर एकसारखं अरुंद होतं, त्यामुळं कधीकधी अँजिओग्राफीत पण कमी दिसतं, कारण शेजारी ताडून बघायला चांगला भागच उरलेला नसतो. हे मला कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या डॉ. रेमंड वांग यांच्या टीमनं एमपीएसच्या पेशंटच्या मानेतल्या कॅरोटिड वाहिन्या सोनोग्राफीनं मोजल्या. उपचार चालू असलेल्या टाईप १ आणि टाईप २ च्या पेशंटमधी सुद्धा भिंतीची जाडी निरोगी लोकांपेक्षा जास्त निघाली. म्हणजे कमी पडणारं एन्झाइम औषध म्हणून सलाईनमधून चालू आहे, लिव्हर आटोक्यात आलंय, लेकरू आधीपेक्षा जास्त चालतंय, सगळं खरं, तरी रक्तवाहिनी ठीक आहे असं धरून चालता येत नाही. हृदयाच्या झडपांचं पण तसंच, जाड झालेल्या झडपांवर ह्या औषधाचा फार फरक पडत नाही.

मानेच्या सोनोग्राफीत सुई नाही, भूल नाही, रेडिएशन नाही, लेकरू शांत पडलं की झालं. पण एक लक्षात ठेवा, ही जाडी मिलिमीटरच्या अंशात मोजतात, आणि रिपोर्टवर बऱ्याचदा मोठ्या माणसाची लिमिट धरून नॉर्मल लिहून देतात. आम्हाला पण एका ठिकाणी तसाच रिपोर्ट मिळाला. सात वर्षाच्या पोरीचा आकडा पन्नाशीच्या माणसाशी ताडून काय कळणार हो? तिच्या वयाच्या निरोगी लेकरांशी ताडायला पाहिजे, आणि जमलं तर दरवेळी त्याच मशीनवर, म्हणजे वाढतंय का ते समजतं. ही तपासणी सगळीकडं रूटीनमधी नाही, तुमचे डॉक्टर नको म्हणले तर का नको ते नीट विचारा, भांडू नका, पण टूडी इको आणि ईसीजी मात्र चुकवू नका.

आणि बीपी. लेकराचं बीपी कोण बघतं? महाधमनी अरुंद झाली तर ह्या लेकरांचं बीपी वाढतं, आणि ते मोजायला लहान मापाचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) लागतो, मोठ्या माणसाचा कफ लावला की आकडा कमी येतो. गावाकडच्या दवाखान्यात लहान कफ बहुतेक नसतोच, म्हणून आम्ही स्वतःचा विकत घेतला आणि सोबत नेतो. ही लेकरं पळत नाहीत, सांध्यांमुळं हालचालच कमी, त्यामुळं दम लागलेला पण दिसत नाही, आणि छातीत कसं होतंय हे लहान लेकराला सांगता येत नाही. वाट बघत बसलात तर लक्षण दिसेलच असं नाही.

कुठलंही ऑपरेशन असो, अगदी दातांचं किंवा टॉन्सिलचं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटून एमपीएस आहे, घशात नळी घालायला अवघड जातं आणि हृदयाच्या वाहिन्या पण खराब असू शकतात हे स्पष्ट सांगा. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवा.

खर्चाचं बोलायचं तर लॅरोनिडेज, म्हणजे सलाईनमधून देतात ते एन्झाइम, आठवड्याला एकदा, वजनाच्या हिशोबानं, पाच किलोला साधारण एक व्हायल (औषधाची छोटी बाटली), म्हणजे पंधरा किलोच्या लेकराला दर आठवड्याला तीन. लेकरू वाढलं की खर्च वाढला, आई म्हणून वजन वाढल्याचा आनंद आणि ही काळजी एकाच वेळी येते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती सेंटर ऑफ एक्सलन्समार्फत, म्हणजे ह्या आजारांसाठी सरकारनं ठरवून दिलेल्या मोठ्या दवाखान्यांमार्फत. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईचं केईएम नाहीतर हैदराबादचं निम्स, आणि देवगिरी एक्सप्रेस परभणीहून दोन्हीकडं जाते. पण हा पैसा आयुष्यभर पुरणारा नाही आणि औषध आयुष्यभर लागणार आहे, ह्यावर सरकारनं काहीतरी केलंच पाहिजे.

नांदेड, हिंगोली, जालना, लातूर कुठंही असाल आणि लेकराला एमपीएस असेल तर पुढच्या तारखेला जाताना बीपीचे आकडे तारखेसकट वहीत लिहून न्या, जुन्या इकोची सीडी न्या, नुसता कागद नको, आणि डॉक्टरांना सरळ विचारा की माझ्या लेकराच्या रक्तवाहिन्या शेवटच्या कधी तपासल्या.