औषध कुठवर आलं? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुमचं ते कॅन्सरचं औषध कुठवर आलं?"

लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, जळगावच्या गोलाणी मार्केटच्या जिन्यात हा प्रश्न मला गाठतो. परवा माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने विचारला. आजवर "चाललंय" म्हणून मी निसटत आले. आता एकदा सगळं सांगून टाकते.

औषध आलेलं नाही. माझ्या हातून येणारही नाही. ऍस्पॅराजिनेज नावाच्या एका एन्झाइमवर मी 22 वर्षं काम केलं. (पुस्तकात त्याला विकर म्हणतात, प्रयोगशाळेत तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.)

"मग 22 वर्षं केलं काय?" हा पुढचा प्रश्न, आणि इथे माझा आवाज चढतो. 1953 साली न्यूयॉर्कला जॉन किड यांना दिसलं की गिनीपिगचा सीरम (रक्तातला पातळ द्रव) टोचला की उंदरांमधल्या लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या गाठी ओसरतात. ते सीरममधल्या याच एन्झाइममुळे, हे जॉन ब्रूम यांनी दाखवेपर्यंत 1961 उजाडलं. अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळाली 1978 मध्ये. पंचवीस वर्षं, तीही पैसा, माणसं, इस्पितळं हाताशी असताना. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ओलांडतो, वीज जाते, आणि डीप फ्रीझरमधलं वर्षाचं काम वाचवायला आम्ही बर्फाच्या लाद्या आणायला धावतो. हे विचारणाऱ्याने एकदा तरी लक्षात घ्यावं.

पण हेही खरं, की मी जे केलं ते फार वेगळं नव्हतं. रावेरकडच्या केळीच्या बागांतली माती आणायची, त्यातले जिवाणू फिनॉल रेड हे रंगद्रव्य घातलेल्या पिवळ्या माध्यमावर वाढवायचे. एखादा जिवाणू ऍस्पॅराजिन (प्रथिनांचा एक घटक) तोडायला लागला की अमोनिया सुटतो आणि त्याच्याभोवती गुलाबी कडं उमटतं. पहिलं कडं उमटलं तेव्हा आम्ही तिघीजणी ती प्लेट हातात घेऊन कॉरिडॉरभर फिरलो होतो. अशी कडी देशातल्या कितीतरी कॉलेजांत उमटतात, हे तेव्हाही मला माहीत होतं. रक्ताच्या कॅन्सरच्या काही पेशींना ऍस्पॅराजिन स्वतःपुरतं बनवता येत नाही, त्या ते रक्तातून उचलतात. एन्झाइमने रक्तातलंच संपवलं की त्या पेशी उपाशी मरतात. तत्त्व इतकं सोपं आहे, म्हणूनच सगळ्यांना वाटतं की औषध हाताच्या अंतरावर आहे. मलाही वाटायचं.

त्याच दिवसांत एक बातमीदार आले. "अजून फार लांबचा पल्ला आहे," असं मी त्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मथळा होता, "केळीच्या बागेत सापडलं कॅन्सरवर औषध". मी खुलासा पाठवला नाही. कात्रण कापून फाइलीला लावलं.

दोन वर्षांनी, मे महिन्यातच, भर दुपारी अमळनेरकडचे एक शेतकरी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. डोक्याला उपरणं, हातात प्लास्टिकची फाइल. सात वर्षांची मुलगी, रक्ताचा कॅन्सर, मुंबईला उपचार चालू. फाइलीत रिपोर्टांच्या मध्ये ते कात्रण होतं, चार घड्या घातलेलं. पाणी प्यायले आणि बोलायला लागले. तिला ऍस्पॅराजिनेज चालू होतं. तिसऱ्या इंजेक्शनला अंगभर गांध्या उठल्या, घसा आवळला, कसंबसं वाचवलं. आता हे द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ई. कोलाय या जिवाणूचं एन्झाइम तिच्या शरीराने ओळखलंय. दुसऱ्या जिवाणूपासून काढलेलं चालेल, पण ते महाग आहे आणि सध्या मिळतही नाही.

"ताई," ते म्हणाले, "तुमनाजोडे शे ना ते? दुसरा जिवाणूनं?"

त्यांचं काहीही चुकत नव्हतं. माझ्या एम.एस्सी.च्या मुलांनी इतका नेमका प्रश्न क्वचित विचारला असेल. आणि माझ्या पाठीमागे तीन हातांवरच्या फ्रीझरमध्ये पांढऱ्या भुकटीच्या चार कुप्या होत्या.

मी समजावत गेले. आम्ही ज्याला शुद्ध म्हणतो ते संशोधनाचा पेपर छापण्यापुरतं शुद्ध. जिवाणूच्या भिंतीचे तुकडे त्यात राहतात, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, ते रक्तात गेलं तर रक्तदाब कोसळतो, जीव जातो. शिरेतून द्यायच्या औषधात ते शरीराच्या दर किलोमागे तासाला 5 एककांपेक्षा जास्त चालत नाही. आमच्या कुपीत किती होतं? आम्ही कधी मोजलंच नव्हतं. पेपरासाठी ते कुणी मागत नाही. उंदराला दिलेलं नाही, तर पोरीला कसं देऊ?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कात्रणावर बोट ठेवून, अजिबात न रागावता विचारलं, "मग ताई, हे पेपरात का छापलं?"

मी म्हणाले, "ते बातमीदाराने लिहिलं."

या वाक्याची मला आजही लाज वाटते. त्यांनी जुन्या घड्यांवरच कात्रण पुन्हा दुमडलं, फाइलीत ठेवलं, आणि तीनच्या एस.टी.साठी उन्हात निघून गेले.

नंतर मी फोन केले. मुंबईतल्या विद्यार्थ्यांना, ओळखीच्या डॉक्टरांना. काही हाती लागलं नाही. त्या औषधाशिवायच उपचार पुढे चालले. दुसऱ्या वर्षी आजार उलटला आणि पोरगी गेली. त्यांच्या गावाकडच्या एका सहकाऱ्याकडून कळलं. न मिळालेल्या डोसांमुळेच गेली का, हे एकट्या मुलाच्या बाबतीत कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही.

कुपी दिली नाही ते बरोबर केलं. हे मी हजार वेळा तपासलंय आणि उत्तर बदलत नाही. बदलतं ते कात्रणाबद्दलचं. तेव्हाची मी मला सांगते, "नाव झालं नसतं तर पुढचा प्रकल्प मिळाला नसता, दोन मुलींच्या फेलोशिपा गेल्या असत्या." खोटं नाही. प्रकल्पाच्या अर्जाला मी ते कात्रण जोडलं होतं. मी तिला म्हणते, "दोन ओळींचा खुलासा पाठवायला काय गेलं असतं?" ती म्हणते, "खुलासा वाचून तो माणूस आलाच नसता, असं तुला कुणी सांगितलं?" यावर मला बोलता येत नाही.

त्या मे महिन्यानंतर नवे जिवाणू शोधणं मी थांबवलं. पुढची सगळी वर्षं एकच केलं. त्याच एन्झाइममधलं एंडोटॉक्सिन काढायचं, मोजायचं, परत काढायचं. यात नवं काय, असं म्हणत पेपर परत आले. सहकारी म्हणतात, मॅडमनी उमेदीची वर्षं धुण्यात घालवली. तुम्ही विचारता ना, 22 वर्षं केलं काय? त्यातली निम्मी ही.

तो आकडा आता खूप खाली आलाय. 5 च्या आत अजून नाही.

कात्रण फाइलीतच आहे. दोनदा फाडायला घेतलं, दोन्ही वेळा परत लावलं.