नाव गळालेला लेख

मी फ्रीलान्स लिहिते. घरखर्च निघतो तो एजन्सीच्या कामातून, म्हणजे बँकेच्या लोनचं माहितीपत्रक मराठीत करून दे, मसाल्याच्या पाकिटामागच्या चार ओळी दे, हॉस्पिटलच्या व्हिडिओची स्क्रिप्ट दे, असलं सगळं. उरलेल्या वेळात माझं स्वतःचं लिखाण, मुंबईत काम करणाऱ्या माणसांवरचं, गोदीतले, मार्केटमधले, बेस्टच्या बसवरचे. ते मी ऑनलाइन टाकते, आणि तिथे वाचक जमवणं हेही लिहिण्याइतकंच मोठं काम आहे, हे घरच्यांनाही पटायला वेळ लागतो.

प्रत्येक प्लॅटफॉर्मची तऱ्हा वेगळी. प्रतिलिपी 2014 पासून आहे, बारा भारतीय भाषांत चालतं, तिथे वाचक भरपूर पण त्याला मालिका हवी असते, भाग नेमाने यायला हवा आणि शेवटी काहीतरी अडकवून ठेवायला हवं. मीडियमवर सभासदाने किती वेळ वाचलं वगैरे बघून लेखकाचे पैसे ठरतात, पण मला तिथे मराठी वाचक फारसा सापडला नाही. सबस्टॅकवर लेख थेट ईमेलने जातो, पैसे भरणारे सभासद मिळाले तर ते 10 टक्के घेतात. मी सगळीकडे लिहून बघितलंय आणि सगळीकडे रात्री झोपायच्या आधी आकडे बघितलेत. आकडा वाढला तरी माणूस कोण ते कळत नाही. तो माणूस पुढच्या लेखाला परत येईल की नाही, तेही नाही.

सांगायचंय ते 16 सप्टेंबर 2023 चं, शनिवार होता, गणपती तीन दिवसांवर आलेले. आदल्या दिवशी, 15 तारखेला, बेस्टची जुनी लाल डबलडेकर शेवटची धावली, अंधेरीला, 415 नंबरच्या रूटवर. 1937 पासून मुंबईत डबलडेकर होत्या, त्या रोजच्या रूटवरच्या जुन्या डिझेलच्या गाड्या त्या दिवशी संपल्या, इलेक्ट्रिक एसीवाल्या आल्यात त्या वेगळ्या. माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, वडाळा डेपोला. त्यामुळे मी आठवडाभर आधीच त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं होतं आणि गुरुवारी रात्री एका प्लॅटफॉर्मवर लेख टाकला, बाबांच्या तिकिटांच्या पेटीवर. अॅल्युमिनियमची पेटी, त्यात दराप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचे तिकिटांचे गठ्ठे, हातात पंच, खांद्याला चामड्याची पिशवी, आणि सुट्ट्यावरून रोजची भांडणं. शुक्रवारी मी अंधेरीला जाऊन आले, हार घातलेली बस बघितली, लोक फोटो काढत होते, पण माझ्या लेखाचा आकडा जिथल्या तिथे. नेहमीचे वाचक आले, छान म्हणाले, संपलं.

शनिवारी सकाळी डोंबिवलीच्या मावशीचा मेसेज. मोठ्ठा, 'अधिक वाचा' दाबल्याशिवाय पूर्ण न दिसणारा, वर दोन बाण, म्हणजे बऱ्याचदा फॉरवर्ड होत आलेला. खाली मावशीने लिहिलेलं, "अगं हे वाच, कुणीतरी किती सुंदर लिहिलंय, मला तुझ्या बाबांचीच आठवण आली."

पहिली ओळ वाचली आणि मी जिन्यात होते तिथेच बसले. माझाच लेख! शब्दन् शब्द माझा. वर कुणीतरी मथळा चढवलेला 'निरोप लालपरीला', आता लालपरी म्हणजे एसटी, बेस्टला लालपरी कोण म्हणतं, हा मथळा देणारा मुंबईत बसने फिरलेला नसणार. मधे मधे फुलं आणि हात जोडलेले. शेवटी 'लेखक अज्ञात'.

मी मावशीला फोन केला, म्हटलं हा माझा आहे. ती एक मिनिट गप्प, मग म्हणाली, "अय्या, तू लिहिलंस? मग नाव का नाही घातलंस?"

दुपारपर्यंत तोच लेख मला एजन्सीतल्या बाईंनी पाठवला, कॉलेजच्या ग्रुपवर आला, शेजारच्या वहिनींनी मोबाइल पुढे करून वाचून दाखवला. मुंबईभर फिरत होता आणि तिकडे प्लॅटफॉर्मवर माझा आकडा तसाच. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी छाती भरूनही येत होती, कारण लोक शेवटपर्यंत वाचत होते, शेवटच्या परिच्छेदातल्या पंचाच्या आवाजाबद्दल बोलत होते, हे मला कुठल्याही डॅशबोर्डने कधी सांगितलं नव्हतं.

बाबा म्हणाले, सोड, लोकांपर्यंत पोचलं ना. मला सोडवेना. मी ठरवलं की उलट्या पावलांनी जायचं, हा पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधायचं.

तुम्हाला कधी शोधायची वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. मेसेज फॉरवर्ड होत होत पाच-एक टप्पे पुढे गेला की त्यावर दोन बाण येतात, आणि असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, ही मर्यादा 2020 मध्ये आली. म्हणजे दोन बाणवाला लेख ज्यांनी चार ग्रुपवर टाकला त्यांनी चार वेळा हात चालवला होता, एवढं त्यांना आवडलं होतं. पण कुणी तो कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण जातात. त्यामुळे नुसत्या बाणांवर विसंबून चालत नाही, मजकूर बघावा लागतो. मथळा चढवलेला नंतरचा, फुलं घातलेला त्याच्याही नंतरचा, एका ठिकाणी मधला परिच्छेदच गळलेला. ज्याच्यात मथळा नाही, फुलं नाहीत, 'अज्ञात'ही नाही, तो मुळाच्या जवळचा.

मावशीला तिच्या भिशीच्या ग्रुपवर आला होता, तिथे एका बाईंच्या मुलुंडच्या दिरांकडून, दिरांना बँकेतल्या निवृत्त लोकांच्या ग्रुपवर, तिथे गिरगावच्या एका गृहस्थांकडून. प्रत्येकाला फोन केला, आधी स्वतःची ओळख, मग विनंती, आणि एकानेही फोन आपटला नाही. गिरगावचे गृहस्थ तर ओशाळले, 'अज्ञात' त्यांनीच घातलं होतं, म्हणाले, "नाव नव्हतं हो त्यात, दुसऱ्या कुणी स्वतःचं घालू नये म्हणून मी लिहिलं." माझ्या मनात सकाळपासून ज्या माणसाबद्दल राग होता तो माणूस माझी बाजू राखत होता. त्यांनी एक नंबर दिला, लालबागचा, बेस्टमधून निवृत्त झालेल्या एका काकांचा.

संध्याकाळी मी लालबागला. गणपतीच्या आधीचा शनिवार, म्हणजे मखर, माळा, तोरणं, पाय ठेवायला जागा नाही, चिवडा गल्लीपासून काकांच्या चाळीपर्यंत पोचायलाच कितीतरी वेळ गेला. काकांनी आधी पाणी दिलं, मग नातीला हाक मारली. कॉलेजला जाणारी मुलगी. लेख तिनेच तिच्या अॅपवर वाचला होता आणि आजोबांना वाचून दाखवला होता. काकांनी डेपोच्या जुन्या मित्रांना पाठव म्हटल्यावर तिने आधी लिंकच पाठवली होती. पण मित्रांची उत्तरं आली, उघडत नाही, अॅप घ्या म्हणतंय, नंबर मागतंय, हे फ्रॉड तर नाही ना. सत्तरीच्या माणसाला मुलांनी बजावलेलं असतं की अनोळखी लिंक दाबायची नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तिने मजकूर कॉपी करून पाठवला.

"पण ताई, मी तुमचं नाव काढलं नाही," ती म्हणाली आणि तिने मला करून दाखवलं. लेख उघडला. वर मथळा, चित्र, चित्राखाली माझं नाव, मग लेख. तिने पहिल्या ओळीवर बोट दाबून धरलं, निळा ठिपका ओढत ओढत खालपर्यंत नेला, कॉपी केलं, आजोबांच्या ग्रुपवर चिकटवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं आलं. मथळा आला नाही, नाव आलं नाही. मी स्वतः करून बघितलं, तेच. त्या अॅपमध्ये नाव मजकुराचा भागच नव्हतं, वर वेगळं बसवलेलं होतं. सकाळपासून मी चोर समजत होते कुणाला तरी, आणि इथे चोर कुणी नव्हताच.

मग काकांनी विचारलं, "वडील कुठल्या डेपोला?" वडाळा म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. काका वरच्या मजल्याचे कंडक्टर, डबलडेकरला दोन असायचे ना, एक खाली एक वर. माझ्या लेखात सगळी खालची गोष्ट होती कारण बाबा जास्त करून खाली. वरचं जग वेगळंच निघालं. वरच्या कंडक्टरचा अर्धा जीव जिन्यात असतो, कोण चढलं, कोण तिकीट न काढता उतरायला निघालं, खालच्याने दोन घंटा दिल्या की गाडी हलणार, तेव्हा जिन्यात पोरगं उभं नाही ना. पुढच्या खिडकीतल्या सीटसाठी पोरांची मारामारी, पावसाळ्यात तिथेच पाणी आत, तरी पोरं उठत नाहीत. काकांनी प्लास्टिकच्या पाकिटातून जुनी कागदी तिकिटं काढली, पातळ, बोटाच्या पेराला चिकटतील अशी, कडेला स्टेजचे, म्हणजे भाड्याच्या टप्प्यांचे, आकडे छापलेले आणि एका आकड्यावर पंचाचं भोक. "हे भोक चुकलं की चेकर आमचा गळा धरणार," म्हणाले. मी निघेपर्यंत वही भरली होती.

परतीच्या ट्रेनमध्ये लोअर परळ ते भांडुप मी याचाच विचार करत होते (दादरला बदलावी लागते, तिथे एक ट्रेन सोडली). आपल्याकडे 1909 मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून एक अंक कितीतरी घरांत फिरतो, वाचनालयातून, शेजारणीकडून, आणि संपादकाला त्यातल्या एकाच घराचे पैसे मिळतात. त्यात कुणी चोरी बघितली नाही. कारण गोष्टीबरोबर लेखकाचं नाव छापलेलं असतं, अंक फिरला की नावही फिरतं, पुढच्या वर्षी त्या नावासाठी अंक मागितला जातो. माझं लिखाण फिरत होतंच. नाव मागे राहत होतं, एवढंच.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो माहीत असावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57, हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव लावून घ्यायचा अधिकार लेखकाचाच राहतो. नंतर एका फेसबुक पेजने लेख स्वतःच्या नावावर टाकला तेव्हा मी हे कलम लिहून पाठवलं आणि त्यांनी नाव बदललं. जिथे कुणी जाणूनबुजून करतं तिथे हे वापरावंच. पण भिशीच्या ग्रुपवर कलम काय सांगणार, तिथे लिहायचीच पद्धत बदलावी लागते.

त्यामुळे काकांच्या वरच्या मजल्याचा लेख मी वेगळ्या तऱ्हेने बांधला. पहिल्याच वाक्यात माझे बाबा, त्यांचं आणि माझं आडनाव, वडाळा डेपो. ते वाक्य काढलं तर पुढचं कळतच नाही. शेवटच्या ओळीत, मजकुराच्या आतच, पुढचा लेख कधी आणि कुठे. आणि मुख्य म्हणजे लोकांनी कॉपी करायची वाट न बघता पूर्ण मजकूर मीच व्हॉट्सअॅपला साजेसा करून देते, छोटे परिच्छेद, चित्र नाही, लिंक सगळ्यात खाली, ज्याला दाबायची तो दाबेल. त्याच आठवड्यात, 13 सप्टेंबरला, व्हॉट्सअॅपने चॅनेल भारतात सुरू केले होते. मी एक उघडला. त्यात वाचकाचा नंबर दुसऱ्या वाचकाला दिसत नाही, त्यामुळे मावशीच्या भिशीतल्या बायकाही न घाबरता आल्या. परदेशात असलेल्यांसाठी ईमेलची यादी ठेवली, सबस्टॅकवर, कारण तिथली यादी आपल्याला उतरवून घेता येते, उद्या तिथून निघालो तरी पत्ते आपल्याकडे राहतात. बाकी प्लॅटफॉर्मवर फॉलोअर कितीही असोत, त्यांना स्वतःहून गाठायची सोय लेखकाकडे नसते आणि नवीन लिहिणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. प्लॅटफॉर्म सोडायचे नाहीत, नवा माणूस तिथेच भेटतो, पण भेटला की त्याला आपल्या घराचा पत्ता द्यायचा.

दुसरा लेख पहिल्याइतका पसरला नाही. पण जितका पसरला तितका नावासकट, आणि त्यातून मला माणसं मिळाली. काकांच्या डेपोचा अख्खा ग्रुप आला. कुणी परळचं, कुणी सायनचं, कुणाचे सासरे ट्रामवर होते, ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली त्या रात्रीच्या गोष्टी त्यांच्या घरात अजून सांगतात. एजन्सीच्या कामात ज्या विषयासाठी मी दहा ठिकाणी फोन फिरवले असते ते विषय आता सकाळी चहाच्या वेळी मेसेजमध्ये येतात. काका प्रत्येक मसुदा छापायच्या आधी नातीकडून वाचून घेतात आणि चुका काढतात, कडक काढतात.

आता ट्रॉलीबसवरचा लेख चाललाय. ती 1962 ला सुरू झाली आणि 1971 ला बंद, गवालिया टँक ते माझगाव डॉक, वर विजेच्या तारा आणि खाली रबरी चाकं. माझगावच्या एका आजींनी लिहिलंय की त्या ट्रॉलीबसने शाळेत जायच्या, वळणावर दांडी तारेवरून सुटली की सगळी बस ठप्प, आणि ती परत बसवेपर्यंत पोरं खाली उतरून बघत उभी. रविवारी त्यांच्याकडे जातेय. काकांनाही यायचंय, त्यांना म्हटलंय भायखळा स्टेशनबाहेर भेटा.