आज काय आहे?

हॉटेलात गेल्यावर 'आज काय आहे?' असं विचारायची सोय आता राहिलेली नाही. तिथे सगळंच असतं आणि रोज असतं. भर वैशाखात मेथी, आषाढात मटार, बारा महिने फ्लॉवर. आपण जाडजूड मेनूकार्ड पुढून मागे चाळतो, मागून पुढे चाळतो आणि शेवटी नेहमीचंच मागवतो. घरी हाच प्रश्न चपला काढता काढता दारातून विचारला जायचा आणि उत्तर आवडो न आवडो, ताटात तेच पडायचं.

अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर एका शेतकरी कुटुंबाने घराच्या पडवीतच खाणावळ काढली आहे. शेत मोठं, टेबलं तीन. फोन आदल्या दिवशी करायचा. पलीकडून 'किती माणसं?' एवढंच विचारतात. काय खाणार, हे कोणी विचारत नाही, आणि हे मला भलतंच आवडलं. निवड करायची नाही म्हटल्यावर माणूस केवढा मोकळा होतो! समोरची भातखाचरं बघत बसायचं. आषाढ सरत आला होता, भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकली होती, आणि पाऊस इतका एकसुरी लागला होता की तो थांबला असता तरच लक्षात आलं असतं.

"मावशी, आज काय आहे?"

"फोडशी आहे, भारंगी आहे. करटोली थोडी घावली, ती पोरांना वाढते. नागलीची भाकर, भात, हुलग्याची आमटी."

फोडशी म्हणजे पहिल्या पावसानंतर माळावर उगवणारी गवतासारखी पात. अनोळखी माणूस तिच्यावर पाय देऊन पुढे जाईल. ती निवडणं कंटाळवाणं काम आहे, कारण बुंध्याकडचा चरबट भाग काढून टाकावा लागतो आणि माती जाईपर्यंत पाण्यावर पाणी बदलावं लागतं. मग कांदा, हिरवी मिरची, मूठभर मूगडाळ, झालं. भारंगी ही रानातली पालेभाजी, कडू. ती आधी उकडून, पाणी पिळून टाकून मगच फोडणीत पडते. तरी थोडा कडवटपणा मागे राहतोच, आणि माझ्या मते तो राहायलाच हवा. सगळा कडूपणा काढून टाकायचा असेल तर भोपळा काय वाईट आहे? नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी तव्यावरून थेट ताटात आली, पाठोपाठ लसूण-मिरचीचा ठेचा. त्यानंतर बराच वेळ आमच्यात कोणी बोललं नाही.

शहरात 'फार्म टू टेबल' अशी पाटी लावलेल्या जागीही मी जेवलो आहे. जेवण चांगलंच होतं, उगाच नावं ठेवणार नाही. पण तिथे गाजर येण्याआधी गाजराचं चरित्र येतं. कोणत्या शेतातलं, कोणत्या खतावरचं, किती वाजता उपटलेलं. ऐकता ऐकता गाजराविषयी इतका आदर वाटायला लागतो की त्याला दात लावायला संकोच वाटतो. इथे मावशींना काही सांगायचंच नव्हतं. विचारलं तर हनुवटीने समोरचं खाचर दाखवायच्या.

भात सुगंधी होता, थोडा चिकट. मी शहाणपणा दाखवत विचारलं, "हा काळभात का?" मावशींचे यजमान हसले. "नाही दादा, इंद्रायणी." काळभात हा या भागातला जुना वाण, काळसर टरफलाचा आणि वासाचा. पण तो उंच वाढतो, वाऱ्यापावसात आडवा पडतो आणि उताराही कमी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी आली. आंबेमोहर आणि भरपूर पिकणारा आयआर-८ यांच्या संकरातून निघालेला हा वाण सुगंधाचा आणि पिकायलाही बरा. मग खाचरांतून जुनी नावं मागे पडत गेली तर शेतकऱ्याला दोष कसा देणार? याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घराघरांतून गोळा करून जपलं. त्यांना २०२० सालच्या यादीत पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे शहरातल्या लोकांना या वाणांची नावं कळली. यजमानांनी एका कोपऱ्यात काळभात लावलाय. "घरच्यापुरता," म्हणाले. विकायचा तो इंद्रायणी.

ताटातलं सगळंच काही शेतातलं नव्हतं. तेल बाजारचं, साखर आणि चहापत्ती राजूरच्या दुकानातली. काहींना हे खटकतं. मला नाही खटकत. मीठ-गूळ विकत आणूनच इथल्या पिढ्या जेवत आल्या. शुद्धतेचा एवढा सोस शेतकऱ्याला परवडत नाही, तो आपल्यासारख्या पाहुण्यांनाच असतो.

शेजारच्या टेबलावर पुण्याची एक मंडळी होती. त्यांनी आधी पनीर आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर मुलांसाठी मॅगी मागवली. मॅगी मात्र होती. धबधबे बघायला येणाऱ्यांमुळे ती ठेवावीच लागते, आणि पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी भाकरीपेक्षा तिलाच जास्त मागणी असते, असं यजमान म्हणाले. पैसे देताना त्या मंडळींतल्या एका गृहस्थांनी हिशेब काढला. "भाजी तर रानातलीच ना? मग ताटाचे एवढे कसे?"

"मग आणता का तुम्ही?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "वढ्याच्या पल्याड हाय. इळा देते, पिशवी देते."

गृहस्थ हसले, थोडे ओशाळले, आणि सुटे पैसे परत न घेता निघाले. मला मात्र मावशींचा प्रस्ताव मनापासून पटला. असा इळा प्रत्येक खाणावळीने दाराशी टांगून ठेवायला हरकत नाही.

"दिवाळीनंतर या," यजमानांनी सांगितलं. "वालाच्या शेंगा असतील, नवा तांदूळ असेल."

"आणि फोडशी?"

"ती कुठली तेव्हा!"

हात धुवायला मागच्या दारी गेलो. त्यांचा नातू उंबऱ्यावर बसून मोठ्या वाडग्यात मॅगी खात होता. मी म्हटलं, "काय रे, आजीने एवढी भारंगी केलीय ना?"

"रोजच करती," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला आणि वाडगा माझ्यापासून जरा लांब सरकवला.