डबा उघडण्याआधी

वेरूळची लेणी पाहून आम्ही खाली उतरलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. साल १९७३, मी नववीत. शाळेची सहल, लाल डब्याची गाडी, डिसेंबरातलं कोवळं ऊन. झाडाखाली गोल करून बसलो आणि सगळ्यांनी डबे काढले. माझ्या डब्यात बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाईंनी दिलेली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. घरी काय किंवा बोर्डिंगात काय, डोळे मिटून प्रभूचे आभार मानल्याशिवाय आम्ही घास मोडत नसू. पण त्या गोलात वर्गातली बारा-पंधरा मुलं होती आणि ख्रिस्ती मी एकटाच. मी घाईने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

शेजारचा मित्र कधीमधी बोर्डिंगात माझ्याकडे अभ्यासाला यायचा. तो म्हणाला, "का रे, आज डोळे नाही मिटलेस?"

मी म्हणालो, "आमच्यात तसं काही नसतं."

गणिताचे सर दोन हातांवर बसलेले होते. त्यांनी ऐकलं. बोलले मात्र काही नाहीत. आपली टोपी काढून मांडीवर ठेवली, नेहमीसारखे डोळे मिटले, ओठ हलले, आणि मग डबा उघडला. मुलं शांत बसली होती. कुणी हसलं नाही. मला मात्र तो घास गिळता येईना.

परतीच्या वाटेवर अंधार पडल्यावर सर माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता कोंबडा आरवण्याआधी तीनदा 'मी प्रभूला ओळखत नाही' म्हणणाऱ्या पेत्राची गोष्ट ऐकावी लागणार. ते म्हणाले, "तू लपवलंस म्हणून देव काही रुसणार नाही. पण त्या मुलाचं नुकसान झालं. तुझ्याकडे काय मागायचं हे त्याला कळायला नको का?"

मला त्याचा अर्थ लागला नाही. लागायला नऊ वर्षं जावी लागली.

आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत इतर माजी विद्यार्थी दगडी इमारतीबद्दल, पटांगणातल्या कडुनिंबांबद्दल आणि रुळाच्या तुकड्यावर वाजणाऱ्या घंटेबद्दल लिहितीलच. मी सरांबद्दल लिहितो. ते आता नाहीत, आणि आपलं नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून नाव लिहीत नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना सांगायला नकोच.

सर धर्माविषयी वर्गात कधी बोलत नसत. अपूर्णांक आणि चक्रवाढ व्याज, एवढंच. पण ते ख्रिस्ती आहेत हे नगरच्या अर्ध्या बाजारपेठेला ठाऊक होतं. चहाच्या टपरीवर कप हातात घेतला तरी त्यांची टोपी आधी उतरायची. रविवारी शुभ्र धोतर नेसून, बायबल उघड्या हातात धरून ते उपासनेला चालत जात. पिशवीत कधी घालत नसत. तेव्हा मला त्याची लाज वाटे, आज ती कबूल करतो. मी एकदा धीर करून विचारलंसुद्धा, "सर, प्रार्थना खोलीत जाऊन, दार लावून करा असं प्रभूनेच सांगितलंय ना?"

ते म्हणाले, "सांगितलंय. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात. आणि दिवा मापाखाली झाकून ठेवू नका, हे पाचव्यात. दोन्ही एकाच प्रवचनात आहे. लोकांनी वाहवा करावी असं मनात आलं तर खोलीत जा. लोक काय म्हणतील अशी भीती वाटली तर बाहेर ये. माझा आजार दुसरा होता, म्हणून मी बाहेर आलो."

पण टोपी उतरवणं ही त्यातली सोपी बाजू. सरांची श्रद्धा मला खरी दिसली ती आठवीत असताना, एका सोमवारी.

शनिवारच्या चाचणीत एका मुलाने नक्कल केली असं समजून सरांनी त्याला छड्या मारल्या होत्या. तो वीटभट्टीवर काम करणाऱ्या बाईचा मुलगा, मागच्या बाकावर बसणारा. सोमवारी सर वर्गात आले, हजेरी घेतली, फळ्यावर तारीख लिहिली. हातातला खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग त्या मुलाला पुढे बोलावलं. पोरगं घाबरून हात पुढे करूनच आलं. सर व्यासपीठावरून खाली उतरले आणि त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "मी पेपर पुन्हा पाहिला. गणित तुझंच होतं. मी चुकलो. तुला सगळ्यांसमोर मारलं, म्हणून सगळ्यांसमोर क्षमा मागतो." आणि त्याचा तो पुढे केलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्यांच्या बोटांचा खडू त्या पोराच्या तळहाताला लागला होता. त्याने तो दिवसभर पुसला नाही.

१९७२ साली नगर जिल्ह्यात मास्तराने पोराची माफी मागणं ही काय गोष्ट होती, हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. मधल्या सुट्टीत दोघांनी त्यांना कारण विचारलं. सर म्हणाले, "काल उपासनेत अर्पण द्यायची वेळ आली आणि हात खिशातून बाहेर येईना. आमच्या प्रभूचं सांगणं आहे की, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी ते पाकीट तसंच परत आणलंय." एवढंच. शुभवर्तमान सांगणं म्हणजे काय, याबद्दल मी पुढे बरीच प्रवचनं ऐकली. इतकं नेमकं दुसरं ऐकलं नाही.

तोच दुष्काळाचा काळ. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, गावोगाव खडी फोडायची कामं निघालेली. बोर्डिंगात लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी आणि दुष्काळी मदतीतली सुकडी मिळायची. मी वडाळा मिशनजवळच्या खेड्यातला. आमचं घराणं ख्रिस्ती झालं ते छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली. आईबाप गेलेला माझा पणजोबा मिशनच्या बोर्डिंगात वाढला. वर्गात भांडण झालं की एक मुलगा हमखास म्हणायचा, "तुम्ही काय, भाकरीसाठी बाटलेले." हे वाक्य काट्यासारखं रुतायचं. एकदा मी रडत सरांकडे गेलो.

मला वाटलं, ते त्या मुलाला बोलावून रागावतील. त्यांनी मलाच समोर बसवलं. "भाकरी मिळाली हे खोटं आहे का? नाही ना? मग त्यात खाली मान घालण्यासारखं काय आहे? तुझ्या पणजोबाला कुणीतरी उपाशी मरू दिलं नाही. ज्यांनी दिली त्यांनी का दिली, ते तू मोठा होऊन वाच. आज एवढंच सांग, तुझ्या सुकडीतली तू कुणाला देतोस?"

मी कुणालाच देत नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून त्या वीटभट्टीच्या मुलाला अर्धी वाटी देऊ लागलो. सर स्वतः त्या वर्षी रात्री एकदाच जेवत. हे आम्हाला बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाईंकडून पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. म्हणजे जे दाखवायचं ते त्यांनी दाखवलं आणि जे झाकायचं ते झाकलं. दोन्ही अध्याय पाळले.

नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ मध्ये. मिस फरार यांची मुलींची शाळा इथेच होती, आणि ती पाहून जोतीराव फुले पुण्याला गेले व १८४८ मध्ये त्यांनी स्वतःची मुलींची शाळा काढली. सर हा धडा इतिहासाच्या शिक्षकांकडून उसना घेऊन सांगत. "फरारबाई मुलींना शिकवत होत्या. जोतीराव बघत होते. आपल्याकडे कोण बघतंय हे आपल्याला कधीच ठाऊक नसतं."

१९७५ ला मी एस.एस.सी. झालो, आणि १९८२ ला एस.टी.त कंडक्टर म्हणून लागलो. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगरहूनच पुण्याला सुटली. ते नगरकराच्या अभिमानाचं आहे आणि मलाही खाकीचा अभिमान होता. नोकरीच्या पहिल्या दिवशी आईने काळ्या दोऱ्यात ओवलेला लहानसा स्टीलचा क्रूस गळ्यात बांधला. वरचं बटण उघडं राहिलं की तो दिसायचा.

१९८३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. गाडी खच्चून भरलेली. एका म्हातारीने दहाची नोट दिली, तिकीट अडीच रुपयांचं. सुट्टे नव्हते, म्हणून रिवाजाप्रमाणे तिकिटाच्या पाठीवर साडेसात लिहून दिले. "उतरताना घ्या." गर्दीत ती पैसे न घेताच उतरली. रात्री हिशेब झाला, पेटीत साडेसात रुपये जास्त. ते भरण्याऐवजी मी खिशात घातले. बाईमाणसाच्या जवळजवळ एका दिवसाच्या रोजगाराइतके पैसे. त्याच रात्री सिनेमा पाहिला आणि स्टँडवर भजी खाल्ली.

आठ-दहा दिवसांनी त्याच थांब्यावर ती उभी. गाडीत चढली आणि मला बघून तोंडभर हसली.

"मास्तर, माझं साडेसात रुपयं ऱ्हायलं तुमच्याकडं."

अंगातून वारं गेल्यासारखं झालं. तरी मी म्हणालो, "तिकीट कुठंय?"

"नातवानं फाडलं. लेक म्हनला, गेलं समज आता. म्या म्हनलं, जात न्हाईत. त्याच्या गळ्यात क्रूस हाये. मिशनच्या दवाखान्यात माझी तिन्ही बाळंतपनं झाली, त्या नर्सबायांच्या गळ्यात असाच व्हता. पैसं ठिवलेलं असनार."

ठिवलेलं असनार. गाडी चालू होती, लोक बघत होते, आणि मी माझ्या पाकिटातली दहाची नोट काढून तिच्या हातात दिली. ती अडीच रुपये परत करायला कनवटीची पुरचुंडी सोडू लागली. मी नको म्हणालो. तिने बळेच नाणी माझ्या तळहातावर मोजून ठेवली. "हिशेब म्हंजे हिशेब."

तेव्हा मला गाडीतलं सरांचं बोलणं कळलं. नाव न ठाऊक असलेल्या त्या नर्सबायांनी कधीतरी तिच्याशी असं काही वागून ठेवलं होतं की त्या जोरावर ती माझ्याकडे हक्काने मागायला आली. क्रूस माझ्या गळ्यात होता, पण त्याच्यावर हक्क तिचा होता. तो शर्टाच्या आत ढकलला असता तर मला सोपं गेलं असतं, आणि तिचे पैसे बुडाले असते.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर मी सरांकडे गेलो आणि सिनेमासकट सगळं सांगितलं. ते निवृत्त झाले होते, दृष्टी अधू झालेली. त्यांनी काही उपदेश केला नाही. चहा आला. त्यांनी टोपी काढली, आणि डोळे मिटायचे सोडून माझ्याकडे तोंड करून बसले. "आज तू कर." माझ्या आयुष्यातली सर्वांत तोडकीमोडकी प्रार्थना ती असावी.

म्हातारीचा तो प्रसंग घडला तेव्हा स्टिअरिंगवर पाथर्डीकडचे एक माळकरी ड्रायव्हर होते. आरशातून त्यांनी सगळं पाहिलं होतं. पुढे आमची अकरा वर्षं जोडी जमली. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटायच्या, त्यात आमची ड्युटी ठरलेली. वारकऱ्यांनी भरलेली गाडी, टाळ-मृदंग, आणि तिकिटं फाडणारा ख्रिस्ती. एका रात्री चंद्रभागेच्या अलीकडे गाड्या लावून आम्ही टपावर आडवे झालो होतो. ते म्हणाले, "मास्तर, गाडी सुटायच्या आधी तुम्ही डोळे मिटून काय म्हणता? पहिल्यापासून बघतोय."

ड्युटीवर मी कधी पत्रक वाटलं नाही, कुणाला गाठून धर्म सांगितला नाही. प्रवाशाने तिकीट प्रवासाचं काढलेलं असतं. पण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदा तयार असा आणि ते सौम्यतेने द्या, असं पेत्राच्या पत्रात आहे. आणि इथे तर विचारणाऱ्याने विचारलं होतं. मग मी सांगितलं. वेरूळचा डबा, छपन्नचा दुष्काळ, साडेसात रुपये, आणि वधस्तंभावरून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा माझा प्रभू. ते मध्येच उठून बसले. म्हणाले, "माळ घातली की पाळावी लागते. लोक माळेकडं बघून आपल्याला धरतात. तुमचंबी तसंच आहे म्हणायचं." मग त्यांनी तुकोबांचे दोन अभंग म्हटले. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आपल्या नगरलाच राहिले, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. ते मी त्यांना सांगितलं. बराच वेळ ते आभाळाकडे बघत राहिले.

ते शेवटपर्यंत माळकरीच राहिले आणि दर वर्षी वारी केली. मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना केली, अजून त्यांच्या मुलांसाठी करतो. ते माझ्यासाठी विठ्ठलाला काय सांगत होते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मुक्कामी गाडीवर असलो की आम्ही गाडीतच जेवायचो. ते आपला डबा उघडत, भाकरी काढत, आणि थांबत. माझे डोळे मिटलेले असत. उघडले की दिसायचं, माझ्या डब्यावर माशी बसू नये म्हणून त्यांनी आपला तळहात आडवा धरलेला आहे.

"झालं का तुमचं? घ्या मग."

— एक माजी विद्यार्थी, एस.एस.सी. १९७५