एक तास आधीची सकाळ

राज्य बदलले तरी देश तोच राहिला, त्यामुळे घड्याळाला हात लावावा लागला नाही, आणि नेमका तिथेच घोटाळा झाला. मी मुक्काम हलवल्याची गंधवार्ता मनगटावरच्या काट्यांना नव्हती. सूर्याला मात्र ती पहिल्याच दिवशी लागली. पृथ्वीला स्वतःभोवती एक अंश वळायला 4 मिनिटे लागतात आणि मी जवळपास 15 रेखांश पूर्वेला येऊन राहिले होते, म्हणजे हिशेबाने पुरता एक तास. मे महिन्यातल्या त्या पहिल्या सकाळी पावणेपाचलाच खोली उजेडाने भरून गेली. पडदे अजून कुठल्यातरी खोक्याच्या तळाशी होते. उशीवर उशी घेऊन मी डोळे झाकून पाहिले, कूस बदलून पाहिली, अखेर चिडून उठले आणि उठलेच आहे तर बाहेर तरी जाऊन यावे म्हणून बूट घातले. नव्या राज्यातल्या माझ्या भटकंतीचा आरंभ हा असा आहे. त्यात निसर्गप्रेमाचा भाग फारसा नाही.

घरामागे एक टेकडी होती. तिला नाव असणारच, पण ते समजायला मला दोन महिने लागले, कारण नाव विचारण्याइतकी तिथली भाषा मला येत नव्हती. तोवर मी तिला मनातल्या मनात ‘मागची’ म्हणत असे. मागचीवर जाणारी पायवाट सुरुवातीला रुंद आणि भरवशाची वाटे. पुढे तिला तीन फाटे फुटत आणि त्यांपैकी दोन गुरांनी केलेले होते. गुरांच्या वाटेची गंमत अशी की ती माणसाच्या वाटेइतकीच मळलेली दिसते, तितक्याच आत्मविश्वासाने वळणे घेते आणि मग एखाद्या झुडपापाशी काहीही न सांगता संपते. पहिल्या आठवड्यात मी अशा तीन झुडपांपर्यंत जाऊन आले.

चौथ्या खेपेला पाऊस पडून गेलेला होता. ओढ्याच्या काठाने उतरत असताना पलीकडच्या उतारावरून गुरे वळणाऱ्या एका आजोबांनी हात उंचावून मला काहीतरी ओरडून सांगितले. एकच शब्द, दोनदा. ते नमस्कार करत आहेत असे समजून मीही हसून हात हलवला, पुढचे पाऊल टाकले, आणि शेवाळलेल्या कातळावरून थेट ओढ्यात बसले. पाणी घोट्याइतकेच होते, त्यामुळे लागले ते अभिमानालाच. आजोबा सावकाश उतरून आले, काठीचे टोक माझ्यापुढे धरले आणि मी उभी राहिल्यावर काठीने तो कातळ दाखवत तोच शब्द तिसऱ्यांदा, अगदी हळू, पहिलीतल्या मुलाला शिकवावा तसा उच्चारला. ‘निसरडे’ हा मी त्या भाषेत शिकलेला पहिला शब्द. पुढे ती भाषा शिकण्यासाठी मी पुस्तक आणले, त्यात पहिला धडा ‘माझे नाव’ हा होता. पण इतक्या पक्केपणी शिकलेला दुसरा शब्द माझ्यापाशी अजूनही नाही.

चुकण्याचा एक फायदा झाला. फोनमधल्या नकाशाच्या निळ्या ठिपक्यामागून चालत मी जिथे जिथे गेले, तिथली वाट मला दुसऱ्या दिवशी आठवत नसे. जिथे चुकले, ती प्रत्येक जागा मात्र तिच्या दगडाधोंड्यांसकट लक्षात राहिली. जॉन ओकीफ यांना 1971 साली उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की ज्यांतली एखादी उंदीर एका ठरावीक जागी असतानाच जागी होते आणि तो दुसरीकडे सरकला की तिच्या ऐवजी दुसरी बोलू लागते. या शोधासाठी त्यांना 2014 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एखादी पेशी केवळ त्या शेवाळलेल्या कातळासाठी राखून ठेवलेली असावी, असे मी धरून चालले आहे.

पहाटेच्या त्या फेऱ्यांत आणखी एक गोष्ट खटकत राहिली. कुंपणावर बसून गाणारा दयाळ पक्षी माझ्या चांगल्या ओळखीचा, काळ्या-पांढऱ्या पोशाखासकट. तरी त्याचे गाणे ऐकताना ओळखीचे कडवे परक्या चालीत ऐकल्यासारखे होई. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण माणसांबद्दल म्हणतो, पण पक्ष्यांचेही तसेच असते. पीटर मार्लर यांनी 1960 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पांढऱ्या पट्ट्यांच्या डोक्याच्या चिमण्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा थोड्या थोड्या अंतरावर त्यांच्या बोली वेगळ्या निघाल्या. पिल्लू साधारण 10 ते 50 दिवसांचे असताना आसपास जे ऐकते, तेच गाणे पुढे जन्मभर गाते. माझे वय 50 दिवसांहून बरेच अधिक असल्यामुळे माझ्या उच्चारांना बाजारात लोक का हसतात, याचा उलगडा झाला आणि वाईट वाटणे थोडे कमी झाले.

हिवाळा आला आणि सकाळी मिळालेल्या त्या तासाची वसुली संध्याकाळी सुरू झाली. पाच वाजण्यापूर्वीच सूर्य टेकडीआड जाई आणि कामावरून परतताना रात्र झालेली असे. पहिले काही दिवस मी हा अन्याय ज्याला त्याला ऐकवला. ऐकणाऱ्यांना त्यात तक्रार करण्यासारखे काही दिसेना, कारण त्यांच्या लेखी संध्याकाळ नेहमी तेव्हाच होते. मग अंधार पडतोच आहे तर आकाश तरी पाहावे म्हणून गच्चीवर जाऊ लागले. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे 10 अंश झाकते, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो, तितकाच जवळजवळ आपल्या जागेचा अक्षांश असतो. माझ्या जुन्या घराच्या गच्चीवरून तो दोन मुठींच्याही थोडा खाली असे. इथे मुठीवर मूठ ठेवत गेले, तर तो अडीच मुठींवर भरला. अढळपदी बसलेला म्हणून ज्याची ख्याती, तोही माझ्यासाठी अर्धी मूठ वर सरकला होता. जुनी कागदपत्रे, जुना पत्ता, नव्या पत्त्याचा पुरावा, त्या पुराव्याचा पुरावा, हे सारे त्या सुमारास चालूच होते; माझे स्थलांतर कोणतीही प्रत न मागता मान्य करणारा हा एकटाच निघाला.

वर्षभराने, पुन्हा मे महिन्यात, आठवड्याच्या सुट्टीसाठी जुन्या घरी गेले. पहिल्या संध्याकाळी सूर्य काही केल्या मावळेना. सात वाजायला आले तरी अंगणात उजेड, आणि मी जेवणाची वेळ टळून गेल्यासारखी अस्वस्थ. रात्री नऊलाच डोळे मिटायला लागले, तेव्हा आई म्हणाली, “बरं नाही का गं तुला?” पहाटे मला जाग आली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. घड्याळात पावणेपाच झाले होते. घरातले सगळे गाढ झोपेत होते, कुंपणावरचा दयाळही. मी आवाज न करता उठले, ‘मागची’ची तांबडी माती वाळून घट्ट बसलेले बूट घातले आणि उजाडायची वाट पाहत पायरीवर बसून राहिले.