तिबेटीत शब्दावर जोर कसा देतात

ल्हासाच्या तिबेटीत 'ङा' खालच्या सुरात म्हटलं की 'मी' आणि वरच्या सुरात म्हटलं की 'पाच'. मग सूरच अर्थ ठरवत असेल तर ही माणसं एखाद्या शब्दावर जोर देतात कशी? आवाज चढवला तर 'मी'चा 'पाच' नाही का व्हायचा?

नाही होत. जोराच्या शब्दात सुराचा चढउतार मोठा होतो, शब्द थोडा लांबतो, पण खालचा सूर खालचाच ऐकू येतो. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते पुढंच आहे, त्या शब्दानंतरचं सगळं वाक्य दबतं, सूर एकदम खाली बसतो. बीजिंगच्या चिनीत, हिंदीत पण हे होतं, कँटोनीज आणि तैवानीत मात्र होत नाही, आणि त्या पण सुरांच्याच भाषा बरं का, म्हणजे भाषेत सूर आहेत एवढ्यावरनं काही ठरत नाही.

हे तपासायची रीत साधी आहे, वाक्य तेच ठेवायचं, प्रश्न बदलायचा. यंदा थंडीत स्वेटर विकायला आलेल्या तिबेटी ताईंना मी विचारलं, त्या हौसेनं तयार झाल्या. 'ताशीनं स्वेटर आणला' हे एकच वाक्य, एकदा 'कुणी आणला?' विचारून आणि एकदा 'काय आणलं?' विचारून मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि घरी प्रातमध्ये उघडलं (आवाजाचा सूर रेघेनं दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या बोअर्स्मा आणि वेनिंक यांचं). पहिल्या वेळी सुराची निळी रेघ ताशीवर उठली आणि तिथनं क्रियापदापर्यंत खालीच सपाट, दुसऱ्या वेळी ताशी साधा आणि उठाव स्वेटरवर!

म्हणजे ऐकणाऱ्याला चढावाइतकाच त्यानंतरचा उतार पण खूण देतो. म्हणूनच जोर वाक्याच्या शेवटी असला की ओळखणं अवघड जातं, कारण मागं दबायला काही उरतच नाही, आणि तिबेटीत क्रियापद आपल्यासारखं शेवटीच येतं.

सगळा भार सुरावरच आहे असंही नाही. आपल्या 'नं'सारखा कर्त्याचा प्रत्यय तिथंही आहे, पण चालू किंवा पुढच्या काळात तो गाळला तरी चालतो, आणि मुद्दाम लावला की कर्त्यावर जोर येतो. मग प्रत्यय असताना सूर कमी चढतो का? ताई परत आल्या की दोन्ही तऱ्हेनं वाक्यं म्हणून घेणार आहे.